लोहाऱ्याच्या रानात उतरलो तेव्हा

सर, आज माझ्याकडं हेलिकॉप्टर शिकायला असलेल्या मुलीनं विचारलं, हवेत खरंच इंजिन बंद पडतं तेव्हा कसं वाटतं. मी म्हटलं, शांत वाटतं. तिला ते पटलं नाही. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि त्या शांततेला माझ्याखेरीज दुसरा कुणी साक्षीदार उरला नाही, म्हणून आज तुमच्याशीच बोलत बसले आहे.

थंडीचे दिवस होते. मी येरमाळ्याकडची शेतकऱ्याची पोरगी. रानातले बांध मला पायांनी माहीत होते, वरून ते किती बारीक दिसतात ते तुमच्या शेजारी बसल्यावर कळलं. त्या सकाळचा धडा होता, इंजिन बंद पडल्यासारखं करून खाली येण्याचा. थ्रॉटल मिटून इंजिनाची ताकद काढून घ्यायची, खालून येणाऱ्या वाऱ्यावर पंखा फिरत ठेवायचा आणि जमीन जवळ आली की पुन्हा इंजिनाची ताकद घेऊन वर जायचं. आधी जमलं होतं. लोहाऱ्याच्या पलीकडं पुन्हा करायला गेलो, मी थ्रॉटल उघडला, आणि इंजिन पुन्हा चालूच झालं नाही.

"सोड. आता माझ्याकडं," तुम्ही म्हणालात. मी हात काढून घेतले. मशीनची घरघर थांबलेली, कानात फक्त वारा. समोर हरभऱ्यात बायका वाकून भाजी खुडताहेत, त्यांच्यावरून तुम्ही हेलिकॉप्टर वळवून शेजारच्या मोकळ्या तुकड्याकडं नेताय, आणि बोलताय. फळ्यापुढं उभं राहून बोलावं तसं. वेग बघ, पंख्याचे फेरे बघ, आता मी नाक वर घेतोय, का घेतोय ते सांग. आपण खाली पडत होतो सर, आणि तुम्ही मला प्रश्न विचारत होतात. शेपूट बांधाला लागली, पाती ढेकळांत आपटून तुटली आणि आपण तुमच्या बाजूवर कलंडलो.

पेट्रोलचा वास येत होता. तुम्ही माझा पट्टा सोडवलात, मला वरच्या दारातून बाहेर ढकललंत आणि मागून आलात. तुमचा डावा खांदा भलतीकडंच लोंबत होता. सुदैवानं आग लागली नाही. त्या बायका धावत आल्या. त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईनं आपल्याला शेतातल्या तिच्या घरी नेलं, चुलीपाशी पोतं अंथरून बसवलं, गूळ आणि पाणी दिलं. दवाखान्यात न्यायला जीप यायची होती. तुम्ही आधी विचारलंत, ते रान कुणाचं. तिचंच होतं. बांध फोडल्याबद्दल तुम्ही तिची माफी मागितलीत, तर ती कसनुशी होऊन म्हणाली की बांध काय, पुन्हा घालता येतो.

मग तुमच्याकडं बघत तिनं विचारलं, "साहेब, इंजन बंद पडलं म्हंता, मग वरचा पंखा कशानं फिरत व्हता?"

खांदा मोडलेला माणूस सणाच्या दिवशी खुलावं तसा खुलला. तुम्ही तिला म्हणालात, पोरं भिरभिरं घेऊन पळतात, त्याला कुठं इंजिन असतं? पळताना वारा लागतो म्हणून ते फिरतं. आपण खाली येत होतो, तोच आपला वारा.

ती बाई चुलीतलं लाकूड आत सारायचं विसरली. "म्हंजी वाऱ्यानंच धरून आणलं म्हणा की," ती हळूच म्हणाली. तुम्ही मान डोलावलीत. त्या धुरात तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी नंतर देवळातही क्वचित पाहिलं. मला इतके दिवस ते वाऱ्यावर उतरणं नुसतं गणित वाटत होतं.

आणि मग तुम्ही माझ्याकडं वळलात. नाक का वर घेतलं होतं, तेच पुन्हा. मी खरं सांगितलं, डोळे मिटले होते. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "खुशाल घाबर," म्हणालात, "पण बघत राहा. जे बघितलंस तेच तुझ्या हातात राहील." धाराशिवच्या दवाखान्यात खांदा बांधून होईपर्यंत तुम्ही माझ्याकडून ते उत्तर घेऊनच सोडलंत: नाक वर घेतलं की वेग मोडतो आणि पंख्याला आणखी वारा मिळतो.

खांदा जुळल्यावर तुम्ही पुन्हा उडालात, शेजारी मला बसवून. पुढं आजारानं गेलात, अंथरुणात, आकाशापासून लांब. भेटायला यायची तेव्हा आपण सगळं बोलायचो, पण एक गोष्ट मी कधी विचारली नाही. त्या वाऱ्यात तुम्हालाही भीती वाटली होती का? हो म्हणाला असतात, तर मला पुन्हा वर जाता आलं नसतं.

हे कुणाला ऐकवायचं नाही, म्हणून सांगते. आता रोज मी कुणाच्या तरी शेजारी बसून थ्रॉटल मिटते आणि तुमच्या त्या फळ्यापुढच्या आवाजात बोलते, आत भीती तशीच असताना. आज तुम्ही हो म्हणालात, तर मला फार बरं वाटेल.