नदी मोकळी आहे

१२ जुलै
रुजू झाले! धरणाखालच्या राफ्टिंग कॅम्पवर 'सुरक्षा समन्वयक'. पत्र्याची शेड, चार रबरी होड्या, समोर फेसाळती नदी. आप्पा सांगलीच्या हळद बाजारात हमाल. घरातली पहिली पदवीधर मी, म्हणून एसटीत बसवताना त्यांनी कंडक्टरलाही माझं शिक्षण सांगितलं. सैन्यभरतीत दोनदा राहिलेला धाकटा शंभूराज सोबत आलाय, होडी चालवायला. मी काठावर असणार, या एका बोलीवर आईनं त्याला सोडलं.

काम साधं आहे. पाणी सोडण्याआधी धरणावरून नाथाजीसाहेब फोन करतात. मी भोंगा वाजवते, सगळे बाहेर येतात. मी 'नदी मोकळी आहे' म्हटल्यावरच ते दरवाजे उचलतात.

१५ जुलै
इथं माणसं नुसती नजरेनं मोजायचे. मी हजेरी सुरू केली. कर्ण्यावरून नाव घ्यायचं, ज्याचं त्यानं 'हजर' म्हणायचं. पोरं हसली. सगळ्यांची नावं झाल्यावर शंभू ओरडला, "ताई, तुझं नाव राहिलं की!" होडीवाला अजमल म्हणाला, मॅडम बुडायच्या न्हाईत, त्या कागदावर तरंगत्यात. मीही हसले.

२४ जुलै
अजमल बहिणीच्या लग्नाला रहिमतपूरला गेलाय. सवयीनं मी त्याचं नाव घेतलं. खालून 'हजर' आलं. मी पोरांना झापलं, ही काय विश्रामबागच्या कॉलेजातली प्रॉक्सी आहे? इथं जीव जातो. शंभूनं आईची शपथ घेतली, आमच्यातलं कुणीच बोललं नाही म्हणाला. आता आवाजाबरोबर चेहराही बघायचा.

३ ऑगस्ट
होड्या धुवून उलट्या घातल्या होत्या, पोरं जेवायला वर गेलेली. कर्णा तपासायला मी उगाच एक नाव घेतलं. नदीतून उत्तर आलं. पात्रात कुणी नव्हतं. शंभूला सांगितलं तर म्हणाला, झोप काढ ताई.

६ ऑगस्ट
दुपारी पाऊस एवढा, की पलीकडचा काठ दिसेना. भोंगा दिला. पोरं डोक्यावर होड्या घेऊन चढत होती, चेहरे झाकलेले. मी नावं घेतली. शंभूचंही. 'हजर, ताई.' त्याचाच आवाज. सख्ख्या भावाच्या आवाजावर कोण संशय घेईल?

मी म्हटलं, नदी मोकळी आहे.

मग अजमल धावत आला. शंभू कुठाय? मधल्या खडकावर वल्हं राहिलं म्हणून तो परत गेला होता.

मी फोनवर किंचाळले. साहेबांनी दरवाजे बंद करायला घेतले. पण सोडलेलं पाणी

१० ऑगस्ट
शंभू सापडला. सांगलीत, आमच्याच घाटाला, जिथं तो पोहायला शिकला. नदीनं त्याला घरी नेऊन सोडलं.

आईनं एवढंच विचारलं, तू काठावर हुतीस न्हवं?

१९ ऑगस्ट
चौकशीसाठी कॅम्पवर परत आले. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, उत्तर दिलं कुणी? अजमल रडत म्हणाला, म्या बी ऐकलं, शंभूच हुता. कुणी लिहून घेतलं नाही.

२१ ऑगस्ट
सगळे गेले. अजमल म्हणाला, चला मॅडम, ष्टँडवर सोडतो. मी थांबले.

हजेरी घेतली. एकच नाव.

'हजर, ताई.'

२२ ऑगस्ट
पुन्हा घेतली. थंडी वाजते म्हणाला — घरी नेलं त्याला, अग्नी दिला आप्पांनी, मी पाहिलं — मग इथं कोण —

२३ ऑगस्ट
नाथाजीसाहेबांचा फोन. धरण भरत आलंय. नदी मोकळी आहे ना?

मी म्हटलं, नाही. माझा भाऊ आहे आत.

ते म्हणाले, पोरी, पाणी थांबत न्हाई. तू वर जा.

भोंगा वाजतोय. खाली कुणीतरी हजेरी घेतंय — माझ्याच आवाजात — अजमल — शंभूराज —

मग त्याचा आवाज. "ताई, तुझं नाव राहिलं की."

उत्तर द्यायचं नाही, कळतं मला. पण तो एकटा आहे. आईला शब्द दिलाय, मी काठावर — इथूनच, हळू, एकदाच ह