बुधीला काही न देण्याबद्दल

मी, ललिता दशरथ मसणे, वय ६७, धंदा लोणची, राहणार कळंब, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, लिहून ठेवते. दुखणं पोटाचं आहे, डोकं अजून जागेवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. आयुष्यात एकाच कागदावर मी न वाचता सही केली. त्याची हकीकत कलम ४ मध्ये आहे.

१. कळंबचे राहते घर व मागचे परसू मुलगा विकास यास मिळावे. तो रसायनीला कंपनीत असतो, शनिवारी येतो, जेवतो आणि मोबाईल बघत झोपतो. तरी मुलगा आहे.

२. बँकेत जे निघेल ते सून श्रद्धा हिचे. विकासने त्यास हात लावू नये. माझ्या दुखण्यात उशाशी कोण बसलं हे त्याला ठाऊक आहे.

३. पत्र्याच्या शेडमधील चिनी बरण्या, मोठी परात, वजनकाटा व कृतीची वही खालापूरला माझा भाऊ नागू याच्याकडे जावीत. त्याला लोणचं घालता येत नाही. बरण्यांत तो तांदूळ भरेल. भरू दे.

४. करवंदं बुधी आणायची. बुधी शुक्रा निरगुडे, आमच्या वरच्या ठाकूरवाडीतली. करवंद कधी तोडायचं, मिठात किती दिवस ठेवायचं, हे सगळं तिचं. मी फक्त बरण्या आणि गिऱ्हाईक जमवलं. २०१६ साली आमचं लोणचं घेणारे रिसॉर्टवाले म्हणाले, बाटलीवर नाव हवं. मी ‘बुधीचं लोणचं’ ठरवलं आणि गावदेवीला कौल लावला. उजवी कळी पडली, म्हणजे होकार. देवीला विचारलं, पण बुधीला विचारलं नाही. असं नाव सरकारात नोंदवावं लागतं का, हे तर कोणालाच विचारलं नाही. विकास म्हणाला, “आई, आपलं एवढंसं लोणचं, नाव कोण चोरतंय?” छापखान्यातून लेबलं आणून दिली आणि मोकळा झाला.

सहा वर्षांनी बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने तेच नाव आपल्या नावावर नोंदवलं आणि मला वकिलाची नोटीस धाडली. आधीपासून नाव वापरणाऱ्याचाही हक्क असतो, जुनी लेबलं आणि बिलं दाखवून भांडता येतं, हे मला आता कळलं. तेव्हा मी घाबरले. हे नाव यापुढे वापरणार नाही अशा त्यांच्या हमीपत्रावर सही केली आणि उरलेली लेबलं चुलीत घातली. पुरावा होता तो मीच जाळला. बिनानावाच्या बाटल्या रिसॉर्टवाल्यांनी परत पाठवल्या.

मग बुधीने लेक सुनिताला हाताशी घेऊन घरीच लोणचं घातलं आणि पुठ्ठ्यावर आपलं नाव लिहवून रस्त्याला बसली. तिलाही नोटीस आली. तो कागद घेऊन ती माझ्या ओट्यावर आली.

“बाय, बुधवारी जलमले म्हून आयसनं बुधी नाव ठेवलं. ह्ये म्हंतात आता त्ये माजं नाय. तू इकलंस का गं?”

“इकलं नाय गं बुधे. सही केली.”

“म्हंजी फुकट दिलंस.”

ती गेली ती पुन्हा माझ्या दारात आली नाही. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागलेलं नाही.

५. शेड, बरण्या, वही, सगळं बुधीच्या नावे करावं म्हणून मी कर्जतच्या वकीलबाईंकडे गेले. त्यांनी ते हमीपत्र मागून घेतलं आणि मोठ्याने वाचलं: ‘मी, माझे वारस, तसेच माझा धंदा पुढे चालवणारी कोणतीही व्यक्ती.’ मला म्हणाल्या, “आजी, तिने तुमची एक बरणी जरी घेतली, तरी तो व्यापारी म्हणेल, ही ललिताबाईंचाच धंदा चालवते, तीच हमी हिलाही लागू. तुमच्याकडून काहीच घेतलं नाही, तर ती उभी राहून सांगू शकेल, हे माझं स्वतःचं नाव आहे, मी ते प्रामाणिकपणे वापरते.”

मी विचारलं, “जिंकेल का?”

“सांगता येत नाही.”

म्हणून बुधीला मी काहीही देत नाही. बरणी नाही, परात नाही, माझ्या लुगड्यांतलं एखादं जुनंही नाही. विकासने माणुसकी म्हणून परस्पर काही नेऊन देऊ नये. श्रद्धाने माझ्या दिवसकार्याचं ताट वाडीवर धाडू नये. ताटाने काही होत नाही, असं वकीलबाई म्हणतात. सहीने तरी काय होतंय, असंच मलाही वाटलं होतं. बुधी मला मेल्यावरही चिकट म्हणेल. तिला म्हणू द्यावं.

६. वकीलबाईंच्या सल्ल्याने शेवटी स्पष्ट लिहून ठेवते. लग्न होऊन आले तेव्हापासून जिच्याबरोबर मी एका चुलीशी बसले, ती बुधी शुक्रा निरगुडे माझी कोणी लागत नाही.

हा कागद दोनदा वाचला, मग सही केली.

ललिता दशरथ मसणे

आमच्यासमक्ष सही झाली. साक्षीदार:
१. नवनाथ सखा बदे, कळंब
२. जयवंता भिवाजी शेळके, भिवपुरी

ठिकाण: कर्जत
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५