‘निरोगी’ खोक्यातून माझी हकालपट्टी

ती. ताईस,

तुझ्या शेंडेफळाचा, पाठ धरल्यामुळे मनातल्या मनात वाकून केलेला नमस्कार. गुडघा कसा आहे? भावजी अजून लपूनछपून गोड खातात का? (खात असतील तर त्यांना सांग, मला सगळं कळतं.) फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मधे मधे बोलतेस आणि मला हे एका दमात सांगून टाकायचंय.

मी प्रयोगशाळेत इतकी वर्षं नेमकं करते काय, असं तू दरवेळी विचारतेस आणि उत्तर संपायच्या आत दूध बघायला उठतेस. आज बसून ऐक. अंडाशयाचा कॅन्सर हा मोठा आतल्या गाठीचा आजार. पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, असल्या किरकोळ तक्रारींआड तो लपतो आणि बायका ‘गॅस झालाय’ म्हणत पाचक गोळ्या चघळत राहतात. तो रक्तात लवकर पकडता येईल का, हे आम्ही शोधतो. त्यासाठी आजारी बायकांचं रक्त लागतं, आणि ताडून पाहायला धडधाकट बायकांचंही. आजारी बायका बिचाऱ्या हात पुढे करतात. धडधाकट बायकांना वेळ नसतो. मग आम्हीच बाह्या वर करतो. तेव्हा गेली कित्येक वर्षं मी शीतपेटीतल्या ‘निरोगी’ लिहिलेल्या खोक्यात आहे. (घरी तुम्ही सगळे मला नमुना म्हणायचात, इथे तो हुद्दा झाला.)

तर झालं असं, की गेल्या महिन्यात निरोगी खोक्यातल्या एका नळीत, या कॅन्सरमध्ये वाढणाऱ्या प्रथिनाचा आकडा भलताच वर गेला. नळीवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. पण स्वतःचा क्रमांक कोण विसरेल? ती नळी माझी होती. मी आधी यंत्राला नावं ठेवली. मग टेक्निशियनला पुन्हा तपासायला लावलं, मग नवं रसायन मागवून पुन्हा, मग शेजारच्या विभागाच्या हातापाया पडून त्यांच्या यंत्रावर पुन्हा. आकडा जागचा हलेना. मोठ्या सरांनी (नळी कुणाची हे त्यांना ठाऊक नव्हतं) चष्म्यावरून पाहत फर्मावलं, की हा एक नमुना सगळा आलेख बिघडवतोय, काढून टाका. मी इतकी दमले होते की ‘हो सर’ म्हटलं आणि स्वतःला काढून टाकलं. माझंही पोट बरेच दिवस फुगत होतं, आणि मी, या विषयातली तज्ज्ञ, कँटीनवाल्याशी भांडत होते.

सोनोग्राफीत डाव्या बाजूला गाठ दिसली. ताई, लगेच डोळ्यांना पदर लावू नकोस. अशा गाठी पुष्कळदा साध्या निघतात, आणि तो आकडा इतर कारणांनीही चढतो, हे मीच भाषणांतून सांगत असते. (ऐकताना बायका माझ्याकडे तशा का बघायच्या, ते आता कळलं.) ऑपरेशन पुढच्या गुरुवारी. सह्या करायच्या कागदांत एक आमच्याच प्रयोगशाळेचा निघाला: काढलेल्या गाठीचा तुकडा संशोधनासाठी देणार का? मजकूर मीच लिहिलेला. फार कोरडा लिहिलाय गं. सही केली, म्हणजे आता मी बर्फाच्या डब्यात बसून माझ्याच टेबलावर येणार. टेक्निशियनला हे सांगितलं, तर आजवर कुठल्याही नमुन्यापुढे न कचरलेली ती बाई हातमोजे काढत म्हणाली, “मॅडम, तुमचा तुकडा मी कापणार नाही. हवं तर माझी बदली करा.” मग आम्ही दोघी चहा प्यायला गेलो. शेवटी सर म्हणाले (आता त्यांना कळलंय), मी कापतो. सरांनी अलीकडे फक्त वाढदिवसाचे केक कापलेत, तेव्हा ती एक काळजी वेगळीच.

बाकी ठीक. रजा मिळाली, भांडी घासून ठेवली, कुंड्या शेजारणीकडे दिल्या. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
शेंडेफळ

ता. क. एक काम होतं. निरोगी खोक्यात माझी जागा रिकामी झालीये आणि दुसरी धडधाकट बाई मिळत नाही. तुझं रक्त मिळालं तर कामाचा खोळंबा टळेल. ते इथेच येऊन द्यावं लागतं, आणि बुधवारपर्यंत.

ता. क. भावजींना आणू नकोस. ते विनोद सांगतात, आणि टाके घातलेल्या माणसाने हसायचं नसतं.

ता. क. सख्ख्या बहिणीचं रक्त आमच्या नियमांत मुळीच बसत नाही. मला फार भीती वाटतेय, ताई. तू ये.