नाथाजीसाठी मरळ

३ नोव्हेंबर, सकाळी ६
सालमन धरायचा फॉरेन रॉड आला. कृष्णेत सालमन नाही, पण रॉडला काय कळतंय! पलटणीतला माझा दोस्त नाथाजी दवाखान्यातून घरी आलाय. डॉक्टरांनी हात टेकले म्हणे. ते काहीही बोलतात. मरळ मासा खाल्ला की माणूस उठून बसतो. बंधाऱ्याखाली मरळ लय. दोन दिवसांत धरणार आणि घेऊनच भेटायला जाणार. आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं जाऊ नये.

५ नोव्हेंबर
मासा नाही. मासेमारीच्या व्हिडिओतला गोरा कमरेइतक्या पाण्यात उभा राहतो. मीही राहिलो. एक बूट गाळात गेला. पण पाण्याचा अंदाज आला.
बायको म्हणाली, मोसंबी न्या. मोसंबी कुणीही नेतं! पलटणीत आम्ही एका ताटात जेवलोय.

८ नोव्हेंबर
गळाला तळहाताएवढी चिलापी लागली. सोडली. नाथाजी शिव्या घालील. शेजारचा नानासो म्हणाला, सुभेदार, बाजारातनं जिवंत मरळ आणून देतो. विकतची? हॅट!

१२ नोव्हेंबर
नाथाजीच्या बायकोचा, रंगूबाईंचा निरोप: लवकर या. म्हणजे गड्याला भूक लागली. गुण येतोय! उद्या नक्की. हल्ली नदीवर कालव्याच्या वाटेनं जातो. त्यांच्या दारावरून गेलो तर सरप्राइज फुटेल.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ
दुपारी रॉड वाकला. मोठी मरळ होती. तेवढ्यात घाटावर माणसांचा गलका. मासा सुटला. असा संताप आला, ओरडणारच होतो. मग पुढं मडकं धरलेला साईराज दिसला. नाथाजीचा थोरला.
मोबाइल सायलेंटवर. बायकोचे नऊ मिस्ड कॉल.
गर्दीत मागं उभा राहिलो. पँट गुडघ्यापर्यंत ओली. नाथाजीचं तोंड बघितलं. ओळखू आलं नाही.

१६ नोव्हेंबर
आज त्यांच्या घरी गेलो. रंगूबाई म्हणाल्या, आवं भावजी, घास कवाच तुटला हुता. बोळ्यानं पाणी पाजत हुतो. दार वाजलं की इचारायचे, सुभेदार आला का?
मी म्हटलं, मरळ घावत नव्हती.
मरळ कसली! त्याला तसं पडलेलं बघायची मला भीती वाटत होती. दोन लढाया बघितलेला माणूस मी.
तिथून चालत घरी आलो. चार मिनिटं लागली.