तक्रार : गॅस

३ नोव्हें. १९९८, रुसैल, ओमान
दादा गेला. दुपारी तीनच्या बसमध्ये, कॅम्पवर परत जाताना. शेजारच्याला वाटलं झोपलाय.
सकाळी दहाला कंपनीच्या दवाखान्यात आला होता, माझ्याच समोर. शर्ट पिळून काढावा इतका घाम. रजिस्टर मीच भरतो. कानाशी वाकून म्हणाला, "माका गॅस झालो म्हणान लिही. छातयेचा नाव काढू नको." मी लिहिलं. तक्रार : गॅस.
पुढे लिहवत नाही.

८ नोव्हें.
दादाची पेटी काल विमानात चढली. गावाहून वहिनीचा फोन. "भावोजी, तुमी थंयच होतात मा?" हो म्हटलं. रजिस्टरचं बोललो नाही.

११ नोव्हें.
कॅम्पातले सगळे गॅसच सांगतात. छाती म्हटलं की अनफिटचा शिक्का, मग व्हिसा खलास, आठवड्यात विमान. डॉ.ला हे पक्कं ठाऊक. त्याच्या सोयीचंच ते.
दादाला दोन मिनिटं तपासलं. स्टेथो शर्टावरूनच. "तुम लोग तिखा खाता है, जलेगा ही. उमर? अडतीस? इस उमर में हार्ट नहीं होता." पित्ताचं औषध आणि परत वेल्डिंग शेडमध्ये.
अर्ध्या तासाने गोरा प्लांट मॅनेजर आला. खांदा दुखतोय म्हणे. आदल्या दिवशी टेनिस खेळला होता. डॉ. खुर्चीतून उठून धावला. पलंग, ईसीजी, गाडी, मोठं हॉस्पिटल. काही निघालं नाही. ईसीजीची मशीन आतल्या खोलीत. दादा बसला होता त्या बाकापासून मोजली, दहा पावलं.
आणि हा डॉक्टर आपल्याच देशाचा. तळपायाची आग मस्तकात जाते.

२ जाने. ९९
ठरलं. ह्याला सोडणार नाही.
मशीन लावायला शिकून घेतलंय. आजपासून जो छाती चोळत येईल त्याची ईसीजीची पट्टी मी काढणार, डॉ. यायच्या आत. वर वेळ टाकून थेट फाइलला. कागद समोर असला की नाकारेल कसा?
आज दोघांची काढली. डॉ. म्हणाला, "रोल जल्दी खतम हो रहा है." हो म्हटलं. मनात म्हटलं, तुझाही करतो.

१७ मार्च
एका प्लंबरची पट्टी फार वाईट. डॉ.च्या टेबलावर नेऊन ठेवली, नर्ससमोर. तोंड उतरलं त्याचं. पाठवावाच लागला हॉस्पिटलला. वाचला.
खरं लिहितो, तो वाचला यापेक्षा डॉ.चं तोंड बघून जास्त बरं वाटलं. अल हैलला मित्राकडे जाऊन पोटभर जेवलो. दादा गेल्यापासून पहिल्यांदा.

२० एप्रिल
प्लंबर बॅग घेऊन दारात. अनफिट. रात्रीचं विमान.
"मैंने आप को गॅस बोला था ना? आप को किसने बोला था मशीन लगाने को?"
दोन मुली शाळेत आहेत त्याच्या. मी हात पुढे केला, त्याने घेतला नाही.
दिवसभर काम सुचलं नाही.

५ मे
आता मला बघून माणसं बाकावरून उठून जातात. आज एक जण दारातूनच वळला. त्याचं काही झालं तर? डॉ.चं वाकडं करायला निघालो आणि मार बसतोय ह्यांना. तरी पट्ट्या काढतोच आहे. हट्ट म्हणा.

९ सप्टें. २००१
हेड ऑफिसने नवी डॉक्टर पाठवली, ओमानी बाई. फाइली चाळता चाळता माझ्या पट्ट्यांवर थांबली. कुणी काढल्या विचारलं. भीत भीत सांगितलं.
तिला नियम करायचाय : गोरा असो, कामगार असो, गॅस म्हणो की खांदा, दहा मिनिटांत ईसीजी. आणि हार्ट निघालं तर इलाज आधी, हलकं काम द्यायचं, परस्पर विमानात बसवायचं नाही. म्हणाली, मॅनेजमेंटपुढे एक तरी केस हवी. न तपासल्यामुळे गेलेली.
दादाचं नाव दिलं. तीन वर्षं ह्याचीच वाट बघत होतो. शनिवारी सुनावणी.

१३ सप्टें.
जुन्या डॉ.ने आज चहा पाजला. पहिल्यांदाच. मग हळूच म्हणाला, "रजिस्टर निकलेगा. अक्षर किसका है?"
हसत होता.

१४ सप्टें., शुक्रवार, सीब
उद्या सगळं सांगणार. दादा काय म्हणाला, मी काय लिहिलं, ह्याने काय तपासलं नाही. माझी नोकरी गेली तर जाऊ दे. हा बुडालाच पाहिजे, मी बरोबर बुडालो तरी चालेल. भीती फक्त एकाच गोष्टीची. कॅम्पातले निम्मे आमच्याच बाजूचे. उद्या संध्याकाळच्या आत गावात कळेल, आणि वहिनी ते कुणाच्या तरी तोंडून ऐकेल.
म्हणून सकाळीच सूकजवळच्या, बाजारातल्या फोन बूथवर गेलो. शेजाऱ्यांकडे फोन लावला, तिला बोलावलं.
"वहिनी, दादा त्या दिवशी आधी माझ्याकडे आला होता. रजिस्टर मी लिहितो."
 
ती म्हणाली, "सांगा. मी आयकतंय."