लिंबाखालची शोधाशोध

सोमवार, दिवेलागणीची वेळ

दारातल्या कडुलिंबावर मी ठोकलेल्या खोक्यात पिंगळ्यांची जोडी राहायला आली, त्याला महिना झाला. शेजारच्या कडूबाईला ते खुपतं. "घुबडं ती घुबडंच, काढून टाका भाऊजी," असं ती रोज म्हणते. आणि चार दिवसांपासून आमची ही तिच्यासोबत लिंबाखाली फिरतीय. दोघी वाकून काहीतरी शोधतात आणि मी दिसलो की गप्प.

खोकं उतरवायचा बेत असणार, दुसरं काय? म्हणून मी शिडी उचलून खोलीत कुलपात ठेवली. स्वतःच्याच बायकोपासून.

आज ती पुन्हा वाकलेली दिसली, तेव्हा सरळ विचारलं, "काय चाललंय?"

"तुमचा दगड हुडकतीय."

गुरुवारी मांजर लिंबावर चढत होतं. मी दगड मारला, तो खोक्यावरच आदळला. मी विसरूनही गेलो होतो. पण घुबडाला मारलेला दगड ते उचलून नेतं, रोज पाण्यात उगाळतं, आणि दगडासोबत मारणाराही झिजत जातो, हे लहानपणी मीही ऐकलेलं आहेच.

"त्यानं न्यायच्या आत सापडला पाहिजे," ती म्हणाली. "तुम्ही आधीच लई वाळलात."

मी हसलो. शिडी बाहेर आणून ठेवली. वर एक पिंगळा खोक्याच्या तोंडाशी बसून डोळे वटारून माझ्याकडंच बघत होता. मग मीपण वाकलो. अंड्याएवढा काळा दगड, एवढंच आठवतंय.

अजून सापडलेला नाही.