मामाची मांडी

४ फेब्रुवारी १९९६, गेवराई

नागू आला काल. एस.टी.तून उतरला तेव्हा आधी ओळखलाच नाही, इतका वाळलाय माझा भाऊ. एक पिशवी, तीत दोन शर्ट आणि टीव्ही दुरुस्तीची हत्यारं. दारूवरचे उपचार झाले, आता पुढचं घरच्यांवर, असं अंबाजोगाईचे डॉक्टर म्हणाले. शपथा घालू नका, भाषणं देऊ नका. म्हटलं, साहेब, मग आमच्या घरात बोलायचं तरी काय?

दिंद्रुडला आईकडे मुद्दाम पाठवला नाही. तिनं पिंडीवर हात ठेवायला लावून त्याला इतक्या शपथा घातल्यात की महादेवही कंटाळला असेल.

हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे तुझा भाऊ. पण दुकानात गल्ल्यावर बसवायचा न्हाई." बरं.

माझ्या शंभूनं विचारलं, "तू मामा का?" नागू म्हणाला, "हां." एवढंच. तीन वर्षांचं पोर, जावळ काढायचंय म्हणून दोन वेण्या घातलेलं, समोर उभं. कुणीही गालगुच्चा घेईल. यानं हात मागे घेतले.

९ फेब्रु.

वास नाही.

सकाळी चहा द्यायच्या निमित्तानं जवळ जाते आणि हुंगते. आज पकडलं त्यानं. "अक्का, हुंगायचं आसलं तर सरळ हुंग की. चहाचं कावून नाव करतीस?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग दोघंही हसलो. हात मात्र थरथरतात. अर्धा चहा बशीत, अर्धा लेंग्यावर.

१५ फेब्रु.

वास नाही. माझ्या पिको-फॉलच्या मशीनची मोटर त्यानं दुरुस्त केली. हायवेवरच्या केबलवाल्यानं काम दिलंय. क्रिकेटचे सामने आलेत, ज्याला त्याला रंगीत टीव्ही नीट करून हवाय. काम मिळालं याचा आनंद, पण केबलवाल्याच्या शेजारी ढाबा आहे आणि ढाब्यावर काय मिळतं ते सगळ्या गेवराईला ठाऊक. तो परत येईपर्यंत जिवात जीव नव्हता. मास्तरीणबाईंच्या साडीला फॉल उलटा लावला. उसवला. परत उलटाच लावला.

वास नाही.

२२ फेब्रु.

आई आली. आल्या आल्या जावळाचा विषय. पोराला चौथं लागायच्या आत उरकायला हवं, ते खरंच. जावळ काढताना पोर मामाच्या मांडीवर बसतं, आणि शंभूला मामा एकच. आई आपली खुशीत: "नागू, भाच्याला मांडीवर घे. जबाबदारी आली की दारू आपसूक सुटंल बघ."

"मी न्हाई बसणार."

"कावून?"

"न्हाई म्हणलं ना!"

चपला घातल्या आणि गेला. संध्याकाळी आला तो भिंतीला धरून. वास लांबूनच. मी ताट आपटलं, वरण भिंतीवर उडालं. डॉक्टरांचं सगळं ऐकणं त्या ताटाबरोबर गेलं. राग, राग, राग. स्वतःचाही येतोय, त्याचाही.

२३ फेब्रु.

आई देवळात गेली होती. मी तूर निवडत होते. नागू येऊन समोर बसला, माझ्याबरोबर खडे वेचायला लागला आणि खाली बघत सांगायला लागला.

चौथीला त्याला धारूरला ठेवलं होतं, आईच्या भावाकडे, आमच्या मामाकडे. शाळा चांगली म्हणून. तिथं अंगणात पेव आहे, जमिनीत खोल खणलेलं, धान्य साठवायचं. ते रिकामं असायचं. नागूनं अंथरूण ओलं केलं की मामा काखेत दोर बांधून त्याला पेवात सोडायचा आणि वरून झाकण. "वरडलं की आपलाच आवाज आपल्या कानात, अक्का." वर काढला की मांडीवर घ्यायचा. डोक्यावरून हात फिरवायचा, गूळ भरवायचा. "शाना माझा. आईला सांगायचं न्हाई." दर खेपेला.

"पेवाचं भ्या गेलं गं. मांडीचं न्हाई गेलं. मीबी आता मामाच हाय की."

सुट्टीत धारूरला गेले की मला हेवा वाटायचा, मामा नागूलाच मांडीवर घेतो म्हणून. सूप तसंच पडलंय. संध्याकाळी वरण केलं नाही.

२५ फेब्रु.

नागूला विचारून आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापत राहिली.

"लेकराला जरा धाक दावला आसंल. माझा भाऊ हाय तो."

"आन् हा माझा हाय."

सकाळच्या गाडीनं दिंद्रुडला गेली. डबासुद्धा नेला नाही.

८ मार्च

वास नाही. आता हुंगण्याआधी सांगते, "हुंगते रे." तो मान पुढे करतो.

यांना सगळं सांगितलं. आधी म्हणाले, जुनं झालं ते. मग बराच वेळ दुकानातच बसून होते. जेवताना आपणहून म्हणाले, "पोरगं पाटावर बसवू. नागनाथ नुसता शेजारी उभा ऱ्हाऊ दे. लोक काय, जेवले की इसरतात." या माणसावर इतकी माया मला लग्नातसुद्धा आली नव्हती.

नागू म्हणाला, "उभा ऱ्हातो." १८ला ठरलं. आईला निरोप धाडला. निरोपात पाटाचंही सांगितलं, तिनं तिथं आल्यावर वाद घालू नये म्हणून.

१८ मार्च, सोमवार



आई आली, सोबत धारूरचा मामा. तिनंच आणला. नागू मांडीवर घेणार नाही ना, मग थोरला मामा आहेच की! म्हातारा झालाय, कपाळभर भस्म, काठी. बायका पाया पडत होत्या. माझेही हात सवयीनं खाली गेले, मध्येच थांबले. कुणी काही म्हणायच्या आत तो पाटावर जाऊन बसला. न्हावी शंभूच्या वेण्या सोडून केस ओले करत होता. मामानं खिशातून गुळाचा खडा काढला.

"ये राजा. शाना माझा."

भिंतीशी नागू उभा होता. त्याच्याकडे बघवेना. शंभू गुळाकडे निघाला. मी मधूनच उचलला.

"जावळ आज न्हाई."

सासूबाई म्हणाल्या, "अगं, सवाशिणी बसल्यात! आसं मधीच उठत्यात का?"

"मी उठले."

मामा तसाच गोड आवाजात म्हणाला, "कावून गं पोरी? काय झालं?"

"पेव आठवतंय का, मामा?"

सगळ्यांनी ऐकलं. तो उपरण्यानं तोंड पुसत बसला. शंभू गुळासाठी भोकाड पसरून रडत होता. वळून पाहिलं तर नागू भिंतीशी नव्हता.

१९ मार्च

नागू आला नाही. हे लूनावर सगळे ढाबे पालथे घालून आले. कुठंच नाही. शिलाई हातात धरवत नाही. वाटतं, माझंच तोंड आवरायला हवं होतं, मग वाटतं, अजिबात नाही. त्याची गोष्ट मी चारचौघांत फेकली का? की कुणीतरी फेकायलाच हवी होती?

सासूबाई अबोल. आई मात्र गेली नाही. मामाला एकट्याला एस.टी.त बसवून आली आणि स्वयंपाकघरात बसली. दुपारी म्हणाली, "त्या साली दिवाळीला आला तवा घरीबी अंथरूण वलं करायचा. मी मारलं त्याला." एवढंच बोलली. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

२१ मार्च

सकाळी आला. कपडे मळलेले. वास होता. लिहून ठेवते, खोटं कशाला.

काही विचारलं नाही. आईनं भाकरी वाढली. पाणी ठेवलं आणि त्याच्या पायाशी बसून राहिली. शपथ घातली नाही. त्यानं खाल्लं. झोपला.

२४ मार्च

वास नाही. कालही नव्हता. अंबाजोगाईला परत जायचं का, विचारलं. "बघू," म्हणाला.

दुपारी ओसरीवर मांडी घालून केबलवाल्याकडून आणलेला टीव्ही उघडून बसला होता. शंभू गेला आणि सरळ त्याच्या मांडीत बसला. कुणी सांगितलं नाही, कुणी बोलावलं नाही. नागूचे दोन्ही हात वर, एकात पेचकस.

"अक्का, उतर म्हण त्याला."

"तूच सांग की."

त्यानं सांगितलं नाही. हात तसेच वर. शंभू बशीतले स्क्रू चिवडत राहिला, मग कंटाळला, उठला, कोंबडीमागे पळाला. नागू त्या रिकाम्या मांडीकडे बघत बसला.

"उठला, अक्का. आपल्या मनानं उठला."

मग टीव्हीत डोकं घालून म्हणाला, "न्हाव्याला सांग. बसतो मी. पर मधीच उठाया लागला तर धरायचं न्हाई कुणी. अर्धं जावळ ऱ्हायलं तरी ऱ्हाऊ दे."

हो म्हटलं. चुलीशी आई ऐकत होती. तिनं पदर तोंडाला लावला.

संध्याकाळी तो दुरुस्त केलेला टीव्ही घेऊन केबलवाल्याकडे गेलाय, त्या ढाब्याशेजारी. न्हाव्याला अजून सांगितलं नाही. शंभू केस मोकळे सोडून दारात बसलाय, मामा कधी येणार म्हणून विचारतोय. मीही तिथंच बसलेय.